तायक्वांदोचे वय किती?

आपल्या निवासी विद्यालयाच्या मैदानावर जे वर्ग भरतात त्यांत तायक्वांदोच्या वर्गाला मुलामुलींचा ओढा अधिक असतो, ही आनंदाची गोष्ट आहे. शालेय क्रीडास्पर्धांत या खेळाला स्थान आहे, ऑलिंपिकमध्ये आहे, आणि साहित्यही फारसे लागत नाही. मालेगावच्या यंत्रमाग-वस्तीतून अथवा सटाणा, नांदगाव, कळवणच्या वाड्यावस्त्यांतून आलेल्या मुलीला स्वतःच्या दोन पायांवर भरवसा ठेवायला शिकविणारी ही विद्या आहे. तिच्याविषयी प्रस्तुत लेखकाची कोणतीही तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यासोबत शिकविल्या जाणाऱ्या इतिहासाविषयी.

हा इतिहास दोन रूपांत आपल्या मुलांपर्यंत पोहोचतो. पहिले रूप असे की, तायक्वांदो ही दोन हजार वर्षांपूर्वी कोरियात जन्मलेली युद्धकला होय. दुसरे रूप असे की, जगातील सर्व युद्धकलांचा जनक भारतीय भिक्खू बोधिधर्म असून तायक्वांदो ही त्याच वृक्षाची एक शाखा होय. गंमत अशी की ही दोन्ही विधाने कधी कधी एकाच माहितीपत्रकाच्या एकाच पानावर सुखाने नांदतात. बोधिधर्माचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक मानला जातो. कला जर दोन हजार वर्षांची असेल, तर तिचा जनक तिच्याहून पाचशे वर्षांनी धाकटा ठरतो! एवढा साधा हिशेबही कोणी मांडत नाही, कारण ही वाक्ये तपासण्यासाठी नव्हेच, तर परीक्षेत म्हणून दाखविण्यासाठी लिहिलेली असतात.

प्रथम पहिला दावा पाहू. त्याच्या समर्थनार्थ जे पुरावे दिले जातात त्यांत गोगुर्यो राज्याच्या काळातील थडग्यांमधील भित्तिचित्रे येतात. दोन पुरुष समोरासमोर उभे असून त्यांनी हात उगारले आहेत. चित्र प्राचीन आहे यात शंका नाही. परंतु हात उगारलेली दोन माणसे जगातील कोणत्याही देशाच्या भिंतीवर सापडतील. दुसरा पुरावा आपणा बौद्धांना अधिक जवळचा आहे. कोरियातील ग्याँगजू नगराजवळ सोक्कुराम नावाचे लेणे आहे. इ.स. ७५१ मध्ये त्याचे काम सुरू झाले. आत शाक्यमुनींची भव्य मूर्ती आहे आणि प्रवेशापाशी दोन्ही बाजूंस कमावलेल्या देहाचे, मूठ उगारलेले दोन द्वाररक्षक आहेत. कोरियन भाषेत त्यांना ‘गुमगांग योक्सा’ म्हणतात. तायक्वांदोच्या अनेक पुस्तकांत त्यांची छायाचित्रे छापलेली असतात आणि खाली ओळ असते की, आठव्या शतकातही तायक्वांदोचे पवित्रे प्रचलित होते.

‘गुमगांग’ म्हणजे वज्र, आणि ‘गुमगांग योक्सा’ म्हणजे वज्रधारी वीर, अर्थात आपला वज्रपाणी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या सोबतीला जे दुसरे विख्यात चित्र आहे ते वज्रपाणीचे मानले जाते, आणि ते सोक्कुरामहून दोन-अडीच शतकांनी जुने आहे. गांधारच्या शिल्पांत हाच वज्रपाणी ग्रीकांच्या हेराक्लिससारखा, पिळदार अंगाचा, तथागतांच्या मागे उभा असलेला दिसतो. मध्य आशिया, चीन असा प्रवास करीत तो कोरियात आणि तेथून जपानच्या मंदिरद्वारांवर गेला. त्याची उगारलेली मूठ ही धम्माच्या रक्षकाची मुद्रा आहे. ती शिल्पशास्त्राच्या परंपरेने घडविली, आखाड्यातील तालमीने नव्हे. सोक्कुरामचा द्वाररक्षक जर तायक्वांदोचा पुरावा होत असेल, तर अजिंठ्यावरून आपण काय काय सिद्ध करू शकू याला सीमाच उरणार नाही. जे विद्यार्थी सहलीला अजिंठ्यास जातात त्यांना हे समजावून सांगणे कठीण नाही.

तिसरा पुरावा ‘हवारांग’ या सिल्ला राज्यातील उच्चकुलीन तरुणांच्या संघाचा. हे तरुण मैत्रेयाचे उपासक होते, गिरिभ्रमण करीत, गायन करीत, युद्धातही लढत. त्यांच्याविषयीची आपली माहिती मुख्यतः दोन ग्रंथांतून येते : किम बुसिक याने ११४५ मध्ये सिद्ध केलेला ‘सामगुक सागी’ आणि तेराव्या शतकात इर्यान या बौद्ध भिक्खूने रचलेला ‘सामगुक युसा’. हवारांगांचा धर्म, शौर्य आणि मृत्यू यांच्या कथा त्यांत आहेत; लाथांच्या कलेची शाळा त्यांत नाही. पुढे गोर्यो काळात ‘सुबाक’ नावाच्या निःशस्त्र झुंजीचे उल्लेख येतात, सैनिकांत तिच्या स्पर्धा होत. परंतु ती कशी खेळली जाई याचे वर्णन नाही. १७९० मध्ये राजा जाँगजो याच्या आज्ञेने ‘मुये दोबो तोंगजी’ हा सचित्र युद्धविद्याग्रंथ तयार झाला. त्यात चोवीस विद्या आहेत, त्यांतील बहुतेक शस्त्रांच्या. निःशस्त्र विद्येचे जे एक प्रकरण आहे ते चिनी सेनापती छी जिग्वांग याच्या सोळाव्या शतकातील ग्रंथावर आधारलेले आहे. ‘ताएक्क्यान’ हा पायांनी खेळावयाचा जुना लोकखेळ मात्र खरोखर कोरियन आहे. विसाव्या शतकात तो लुप्त होऊ घातला असता सोंग दोक-गी या वृद्ध खेळाडूने तो जपला, १९८३ मध्ये कोरियन शासनाने त्यास सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि २०११ मध्ये युनेस्कोने. पण ज्यांनी तायक्वांदो घडविली, त्यांनी ताएक्क्यानच्या पोटी ती घडविली नाही.

मग कशातून घडविली? उत्तर ऐकावयास कडू आहे, म्हणून ते पत्रकांत नसते. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात जपानमध्ये शिकावयास गेलेल्या काही कोरियन तरुणांनी तेथे कराटे आत्मसात केले. ली वॉन-कुक आणि नो ब्याँग-जिक हे फुनाकोशी गिचिन यांच्या शोतोकान परंपरेत शिकले. युन ब्याँग-इन याने मांचुरियात चिनी मुष्टिविद्या आणि जपानात कराटे असे दोन्ही शिकून घेतले. १९४४ पासून पुढे कोरियात अशा मंडळींनी जे आखाडे काढले त्यांना ‘क्वान’ म्हणत. चुंग दो क्वान, सोंग मू क्वान, मू दुक क्वान ही त्यांतील नावे आज कोणत्याही जाणत्या प्रशिक्षकाला ठाऊक असतात. तेथे शिकविल्या जाणाऱ्या विद्येला ‘तांगसुदो’ किंवा ‘कोंगसुदो’ म्हणत. ‘तांगसु’ आणि ‘कराटे’ हे एकाच जोडाक्षर-चिन्हांचे दोन उच्चार आहेत, एक कोरियन आणि एक जपानी. अर्थ ‘चिनी हात’. फुनाकोशींनी १९३०च्या दशकात जपानी राष्ट्रभावनेला रुचेल असे ते चिन्ह बदलून ‘रिक्त हात’ असे केले. तेव्हा नाव बदलून पूर्वज बदलण्याचा मार्ग कोरियनांनी शोधलेला नाही, त्याआधी तो जपान्यांनी चोखाळला होता. कराटेतील ‘हेआन’ नावाचे क्रम ओकिनावाच्या इतोसु आन्को यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेतील मुलांसाठी बसविले होते. तेच क्रम सोलच्या आखाड्यांत ‘प्यांगआन’ या नावाने शिकविले जात होते.

‘तायक्वांदो’ हा शब्द १९५५ सालचा. जनरल चोई होंग-ही यांच्या पुढाकाराने ११ एप्रिल १९५५ रोजी हे नाव निश्चित झाले, असे त्यांच्याच परंपरेत सांगतात. ‘ताए’ म्हणजे लाथ, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे मार्ग. ताएक्क्यानशी जुळणारा ध्वनी जाणीवपूर्वक निवडला गेला. हे नावही लगेच सर्वांनी स्वीकारले नाही; काही काळ ‘ताएसुदो’ नाव चालले आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय संघटनेने पुन्हा तायक्वांदो हे नाव घेतले. १९६६ मध्ये चोई यांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. पुढे दक्षिण कोरियाच्या राजवटीशी बिनसल्याने ते कॅनडात गेले आणि १९७३ मध्ये सोलमध्ये दुसरा जागतिक महासंघ उभा राहिला. ऑलिंपिकमध्ये १९८८ व १९९२ साली प्रदर्शनीय आणि २००० साली सिडनीत पदकाचा खेळ म्हणून जी तायक्वांदो दिसली, ती या दुसऱ्या महासंघाची. दोन्ही महासंघ एकमेकांवर तुटून पडले, तरी दोन हजार वर्षांच्या दाव्याबाबत मात्र त्यांचे एकमत होते!

स्टीव्हन केपनर, उदो मोनिग यांसारख्या संशोधकांनी हा सर्व वृत्तान्त साधार मांडला आहे. कोरियातील लेखकांनीही १९९०च्या दशकापासून तो उघडपणे लिहावयास आरंभ केला. तरीही या मंडळींचा निष्कर्ष तायक्वांदोला कमी लेखणारा नाही. १९६०च्या दशकात सोलच्या तरुण खेळाडूंनी स्पर्धेचे नियम बदलले, पूर्ण जोराने लाथ मारण्यास मुभा दिली, छातीवर संरक्षक कवच आणले, आणि त्यातून उंच, वेगवान, फिरत्या लाथांचा जो खेळ निर्माण झाला तो कराटेत नव्हता, ताएक्क्यानमध्येही नव्हता. आपल्या मुली मैदानावर ज्या लाथेचा सराव करतात ती हवारांगांनी दिलेली नाही. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या नगरातील, पोटाला पुरेसे न मिळणाऱ्या पोरांनी ती घडविली आहे. मला तरी हा इतिहास अधिक मोठा वाटतो.

कोरियनांनी प्राचीनतेचा आसरा का घेतला, हे समजून घेणे मात्र आवश्यक आहे. ज्या सत्तेने त्यांची भाषा शाळेतून हद्दपार केली, १९४० मध्ये माणसांना जपानी नावे घ्यावयास लावली, त्या सत्तेच्या देशातून आलेली कला ‘आमची’ म्हणून मिरविणे त्यांना जड गेले. लुबाडल्या गेलेल्या समाजाला पूर्वजांची भूक लागते. आपल्या समाजाला ही भूक परिचयाची आहे. म्हणून मी कोरियनांना हसणार नाही. परंतु त्यांची भूक समजून घेणे वेगळे आणि त्यांनी घाईत रांधलेली कथा आपल्या मुलांना वाढणे वेगळे.

आता बोधिधर्म. येथे प्रश्न आपल्याच अंगणात येतो, कारण हा दावा कोरियन करीत नाहीत, आपण करतो. २०११ साली आलेल्या एका तमिळ चित्रपटानंतर तर तो आखाड्यांच्या फलकांवर ठळक अक्षरांत आला. वास्तविक बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख इ.स. ५४७ च्या सुमारास लोयांग नगरीतील विहारांचे वर्णन करणाऱ्या चिनी ग्रंथात आहे, आणि तेथे तो पारस देशाचा म्हटला आहे. सातव्या शतकातील चरित्रग्रंथ त्यास दक्षिण भारतीय म्हणतो. या दोहोंपैकी एकाही ठिकाणी तो कोणाला ठोसा मारावयास शिकवीत नाही. परंपरेनुसार हा भिक्खू नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यानस्थ बसला होता. त्याला लढवय्या करण्याचे काम फार नंतर झाले. ‘यीजिन जिंग’ नावाच्या व्यायामग्रंथाला इ.स. ६२८ ची म्हणून एक प्रस्तावना जोडलेली असून तीत बोधिधर्माचे नाव येते. परंतु तो ग्रंथच १६२४ मधला आहे. चिनी इतिहासकार तांग हाओ यांनी १९३०च्या दशकात ही बनावट उघडी केली, आणि मेइर शहार यांच्या शाओलिनवरील २००८ च्या ग्रंथात तिची सविस्तर चिकित्सा आहे. शाओलिन विहारातील भिक्खूंनी ६२१ मध्ये ली शिमिन या भावी सम्राटाला युद्धात साहाय्य केले, हे ७२८ च्या शिलालेखावरून खरे ठरते. त्या शिलालेखाला बोधिधर्माच्या युद्धविद्येचा पत्ता नाही.

कोणी म्हणेल, भारताचा गौरव होत असेल तर बिघडले काय? बिघडते ते असे. चिनी भिक्खू, ओकिनावाचे शिक्षक, सोलचे तरुण यांच्या श्रमाचे फळ आपण एका वाक्यात आपल्या वंशावळीत टाकतो. हीच रीत जेव्हा आपल्यावर वापरली गेली तेव्हा आपण काय म्हटले? तथागतांना विष्णूचा नववा अवतार ठरवून त्यांचे सारे कार्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा करण्यात आले. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा याच खोट्या प्रचाराच्या विरोधात घातली. जी लबाडी आपल्या वाट्याला आली असता आपण प्रतिज्ञापूर्वक नाकारली, तीच दुसऱ्याच्या बाबतीत आपण अभिमानाने करावी, हे आपल्या संस्थेला शोभत नाही.

हा मोह केवळ दूरदेशीच्या विद्येपुरता नाही. मल्लखांबाचेच पाहा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या आजच्या रूपात प्रचारात आणली. कथा अशी की, निजामाच्या मुलुखातून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांनी पुण्यात आव्हान दिले. ते स्वीकारलेले तरुण बाळंभट आपल्या जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर उपासनेस बसले, तेथे मारुतीने त्यांना दृष्टांत देऊन खांबावरील डाव शिकविले आणि ते विजयी झाले. दुसरा पक्ष म्हणतो, बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या स्तंभश्रमाचा उल्लेख आहे, तेव्हा ही कला मूळचीच प्राचीन. उल्लेख आहे, हे खरे. पण खांबावर मेहनत करणे आणि मल्लखांबाच्या उड्या, दसरंग, सुईदोरा यांचे शास्त्र रचणे यांत बीज आणि वृक्ष एवढे अंतर आहे. एका पक्षाने श्रेय देवाला दिले, दुसऱ्याने राजाच्या ग्रंथाला. खांबापाशी घाम गाळून एकेक पकड शोधणारा माणूस दोन्हींतून निसटला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये जे मल्लखांब दाखविले ते पाहणाऱ्यांनी खांबाचे वय विचारून टाळ्या वाजविल्या असतील, असे मला वाटत नाही.

आपण बौद्धांनी तर प्राचीनतेची ही फूटपट्टी हाती धरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जुने तेच श्रेष्ठ, ज्याची वंशावळ लांब तोच थोर, हे माप कोणी कोणासाठी तयार केले आणि त्या मापाने कोणाला गावाबाहेर ठेवले हे आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तक न वाचता कळले होते. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी माणसाची योग्यता जन्माने नव्हे तर कर्माने ठरविली. कलेला तोच न्याय का लावू नये? शिवाय आपल्या स्वतःच्या वयाचा हिशेब करून पाहावा. तायक्वांदोला नाव मिळाले १९५५ मध्ये. नागपूरला धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. दोघांच्या वयात दीड वर्षाचे अंतर. आपला धम्म अडीच हजार वर्षांचा असला तरी त्यातील आपले पाऊल कालचे आहे, आणि ते कालचे आहे म्हणून कोणी त्यास उणे म्हणू लागला तर आपण ऐकून घेणार नाही.

परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावर कशाचाही स्वीकार करू नये, ही कालाम सुत्तातील शिकवण आपल्या वर्गखोल्यांच्या भिंतींवर लिहिलेली असते. बाबासाहेबांनी ती तथागतांच्या चरित्रालाही लावली. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा शतकानुशतके चालत आलेली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यांपैकी काहीच पाहिले नव्हते हे कसे, असा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केला आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेल्या कलहाचा मागोवा घेतला. साक्षात बुद्धचरित्र जेथे तपासले गेले, तेथे एका खेळाच्या पत्रकाला सूट द्यावयाचे कारण नाही.

न तपासता पाठ करण्याचे आणखी एक उदाहरण देतो, कारण ते थेट शीलाशी संबंधित आहे. हवारांगांचे म्हणून जे पाच नियम मुलांकडून म्हणवून घेतात, ते वॉनग्वांग या भिक्खूने दोन तरुणांना सांगितलेले आहेत : राजाशी निष्ठा, मातापित्यांची सेवा, मित्रांशी विश्वास, रणातून माघार न घेणे, आणि जीव घेताना विवेक. सकाळी ‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणणारी मुले दुपारी हा पाचवा नियम म्हणतात आणि कोणालाही अडखळल्यासारखे होत नाही. मूळ कथा मात्र अडखळते. वॉनग्वांग आधी सांगतो की बोधिसत्त्वाची शीले दहा आहेत, पण तुम्ही राजाचे चाकर, तुम्हांला ती पेलणार नाहीत. म्हणून हे लौकिक पाच नियम घ्या. आणि विवेक म्हणजे काय, तर उपोसथाच्या दिवशी व वसंत-ग्रीष्मात जीव घेऊ नये, घरच्या गुराढोरांना मारू नये, बारीक जिवांना मारू नये. राजसत्तेच्या छायेत एक भिक्खू अहिंसेचा जमेल तेवढा तुकडा वाचवू पाहत होता. ही अडचण मुलांपुढे मांडली तर नववी-दहावीच्या वर्गात उत्तम चर्चा होईल. पाच ओळी पाठ करून घेतल्या तर काहीच होत नाही.

शेवटी एक तातडीची बाब. चोई यांच्या परंपरेतील चोवीस क्रमांपैकी एकाचे नाव ‘वॉन-ह्यो’ आहे. त्यात २८ हालचाली असून परीक्षेत त्याचा अर्थ विचारतात. ठरलेले उत्तर असे : वॉनह्यो या भिक्खूने इ.स. ६८६ मध्ये सिल्ला राज्यात बौद्ध धम्म आणला. जगभर लक्षावधी मुले हे म्हणतात. परंतु सिल्लाने धम्माला राजमान्यता दिली ती राजा बोपहुंगच्या काळात, ५२७ मध्ये, इचादोन या अधिकाऱ्याच्या बलिदानानंतर. वॉनह्यो जन्मला ६१७ मध्ये. आणि ६८६ हे तर त्याच्या निर्वाणाचे वर्ष! ज्या आचार्याने झोपडीझोपडीत जाऊन गाणी गात सामान्य माणसाला धम्म समजावला, त्याने मृत्यूच्या वर्षी, शतकाहून अधिक काळ आधीच रुजलेला धम्म पुन्हा ‘आणला’, असे एका बौद्ध विद्यालयातील मुलांनी म्हणावे आणि त्याबद्दल त्यांना गुण मिळावेत, हे चालू ठेवता येणार नाही. येत्या पट्टा-परीक्षेपूर्वी क्रीडाविभागाने इतिहासाच्या शिक्षकांना सोबत घेऊन ही माहितीपुस्तिका नव्याने लिहावी. आणि तोवर एखाद्या मुलीने तोंडी परीक्षेत ५२७ असे उत्तर दिले, तर परीक्षकाने तिचा गुण कापू नये.